छताला डकवलेला बाण

समाज संवाद विभागाच्या बैठकीला जायचं म्हटलं की डॉक्टरबाईंना आपल्याच दवाखान्यातल्या पेशंटची आठवण व्हायची. तोंड आ वासून बसायचं आपण आणि बोलायचं मात्र दुसऱ्याने. बाई दातांच्या डॉक्टर. भर बाजारात दवाखाना, वरच्या मजल्यावर घर, घरात अंथरुणाला खिळलेले अब्बा. हा सगळा पसारा टाकून त्या दर महिन्याला त्या काचेच्या इमारतीत जात, ‘संवाद प्रतिनिधी’ असं छापलेलं ओळखपत्र गळ्यात अडकवत आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत बसत.

विभाग काढला होता मुसलमानांशी बोलायला. आता या देशातले मुसलमान म्हणजे काही एका आईची लेकरं नव्हती. कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, कुणी काल-परवा लढाईतून जीव वाचवून आलेले. भाषा निराळ्या, नमाजाला उभं राहायची रीत निराळी, आणि एकाने दुसऱ्याच्या मशिदीत पाय ठेवायचा म्हटलं तरी कपाळाला आठी. सरकारला हे सगळं ठाऊक होतं. पण सरकारला एकाच मुसलमानाशी बोलायचं होतं आणि तो काही केल्या सापडत नव्हता. म्हणून नाइलाजाने चार बोलावले होते.

पहिले गालिचेवाले शेठ. यांचं घराणं इथलं जुनं, त्यामुळे नंतर आलेला प्रत्येक मुसलमान म्हणजे आपल्या दिवाणखान्यात चपला घालून शिरलेला पाहुणा, असं त्यांचं मत. दुसरे टॅक्सी संघटनेचे अध्यक्ष. नव्याने आलेल्यांचे पुढारी, आवाज असा की समोरच्याने भाषांतराचं यंत्र कानातून काढून ठेवावं. तिसरे प्राध्यापक. हे शिया, आणि दर वाक्यात दोनदा ‘व्यापक अर्थाने’ म्हणत. चौथ्या आपल्या डॉक्टरबाई. वडील सुन्नी, आई शिया. ‘महिला’ आणि ‘मिश्र’ असे दोन्ही रकाने एकाच खुर्चीत भरून निघत होते, म्हणून त्यांची निवड. बाईंनी नाक मुरडलं होतं, पण नाही म्हणाल्या नव्हत्या. का, ते पुढे येईलच.

आणि टेबलाच्या टोकाला संचालक. मागे सगळे त्यांना संवादसाहेब म्हणत. साहेबांनी सलाम करायचं शिकून घेतलं होतं आणि ते तो येताना, जाताना, पाण्याचा पेला हातात घेताना, कधीही करत. प्रश्न ते विचारत, उत्तरही तेच देत, मग चष्म्यावरून सगळीकडे पाहत.

“कुणाची हरकत?”

चौघेही गप्प. शेठना गोदामाचा परवाना हवा असायचा, अध्यक्षांना विमानतळावर टॅक्सीतळ हवा असायचा, प्राध्यापकांना आणखी एक समिती हवी असायची. सगळे मूग गिळून बसत.

“लिहा,” साहेब टंकलेखिकेला सांगत, “सर्वानुमते.”

या एका शब्दावर विभाग चालला होता. चहाचं मशीन सर्वानुमते आलं होतं. चहा बेचव होता, तोही सर्वानुमतेच.

अडलेलं घोडं एकच होतं, कब्रस्तानचं. शहरात मुसलमानांना पुरायला जागा नव्हती. माणूस गेला की गाडी करून दूरच्या मोठ्या शहरात न्यायचं, जाऊन-येऊन सगळा दिवस. जलशुद्धीकरण केंद्रामागची एक पडीक जागा देऊ, असं विभाग कित्येक वर्षं सांगत होता. पण “आधी तुम्ही एकमत करा,” असं साहेब हसून म्हणत, आणि प्रतिनिधीही इमानाने त्यांना साथ देत. शेठना मध्ये भिंत हवी होती. अध्यक्षांना ती भिंत म्हणजे आपल्या माणसांचा अपमान वाटत होता. प्राध्यापकांना व्यापक अर्थाने उपसमिती हवी होती. घोंगडं मस्त भिजत पडलं होतं आणि कुणाला काही घाई नव्हती. मेलेले तर तक्रार करत नव्हतेच.

घाई होती ती बाईंना. कारण अब्बांना घाई होती.

अब्बा आयुष्यभर शहराची बस चालवत होते. अम्मी गेली तेव्हा तिला त्या दूरच्या शहरात न्यावं लागलं. पाय चालत होते तोवर अब्बा दोन बस बदलून तिच्या कबरीवर जाऊन येत. पुढे पाय गेले आणि जाणंही गेलं. आता ते खिडकीशी पडून असत आणि बैठकीहून लेक आली की एकच विचारत.

“मिळाली का गं जागा?”

“मिळेल, अब्बा.”

“तिच्या शेजारी तर आता भलताच कुणीतरी झोपलाय. तिथे काय करू जाऊन? मला इथेच ठेव. शेवटचा थांबा घराजवळ बरा. दवाखाना बंद केलास की चालत यायचं, दोन मिनिटं उभं राहायचं आणि जेवायला घरी जायचं. बस्स.”

एवढ्याचसाठी बाई ते ओळखपत्र गळ्यात अडकवत होत्या. एवढ्याचसाठी तोंड बंद ठेवत होत्या.

आता बाणाची गोष्ट. बैठकीच्या खोलीला लागून साहेबांनी नमाजाची खोली करवली होती. निळा गालिचा, चपलांना कप्पे आणि फॉल्स सीलिंगच्या एका चौकोनी टाइलवर किब्ल्याची, म्हणजे काब्याची, दिशा दाखवणारा हिरवा बाण. साहेबांचा त्या खोलीवर भारी जीव. परदेशी पाहुणे आले की आधी ती खोली दाखवायची, मग त्यांना चहा द्यायचा. सगळे मुसलमान इथे खांद्याला खांदा लावून प्रार्थना करतात, असं ते सांगत. खांद्याला खांदा कसला? कोण कुणाच्या मागे उभं राहणार यावरच भांडण. म्हणून शेठ आधी जात, ते बाहेर आले की अध्यक्ष, ते बाहेर आले की प्राध्यापक, आणि उरलेल्या वेळात बाई. तेवढा वेळ साहेब बाहेर उभे राहून भावुक होत.

मधे एकदा एसी गळायला लागला. माणूस आला, त्याने टाइल काढली, पाइप बसवला, टाइल परत लावली. टाइल चौकोनी. कशीही बसते. त्याने ती पाव फेरा फिरवून बसवली. त्या दिवसापर्यंत बाण खिडकीकडे होता. त्या दिवसापासून तो भिंतीपलीकडच्या चहाच्या मशीनकडे झाला.

बाईंच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. गेल्या खेपेला खिडकीसमोर उभे होतो आणि आज भिंतीसमोर, एवढं न कळायला माणूस ठार आंधळा हवा. त्यांना वाटलं, कुणीतरी बोलेल. शेठ आत गेले, बाहेर आले. अध्यक्ष आत गेले, बाहेर आले. प्राध्यापक तर बाहेर येऊन साहेबांना म्हणाले, “फार शांत वाटतं या खोलीत.” बाईंनी मग स्वतःच्या खुर्चीत पाठ टेकवली आणि नमाज घरी जाऊन पढल्या.

पुढे काही वर्षांनी दवाखान्यात उलगडा झाला. शेठची दाढ दुखत होती. चूळ भरून झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, “डॉक्टरबाई, तो बाण चुकलाय बरं का. मी तिथे नुसता उठून-बसून येतो. खरी नमाज घरी. त्या बाकीच्या दोघांना कुठे कळतंय?”

“मग साहेबांना सांगत का नाही?”

“आपण कशाला वाईट व्हायचं? माझ्या परवान्याची फाइल त्यांच्या टेबलावर आहे.”

पंधरवड्याने अध्यक्ष आले. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तेही तेच बोलले. फरक एवढाच की ते घरी जायचीही वाट पाहत नव्हते, खाली वाहनतळावर टॅक्सीमागे सतरंजी टाकत होते. “शेठ आणि प्राध्यापक मात्र मजेत मशीनला मान झुकवतात,” असं म्हणून ते रक्ताळल्या तोंडाने खो-खो हसले. प्राध्यापकांच्या दातांचा पूल बसवताना तिसऱ्यांदा तीच कहाणी ऐकायला मिळाली, फक्त व्यापक अर्थाने.

बाईंना किळस आली. सडका दात बघून त्यांना कधी किळस येत नसे, तो बिचारा सडलेला दिसतो तरी. ही तीन माणसं वर्षानुवर्षं देवासमोर उभं राहायचं सोंग करत होती, तेही देवासाठी नाही, चष्म्यावरून बघणाऱ्या एका कारकुनासाठी. आणि प्रत्येकाला वाटत होतं, शहाणा मीच. या माणसांच्या जिवावर आपल्या बापाला जागा मिळणार होती! आणि आपण तरी काय करतो? तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. दवाखान्यात पेशंटना तेच सांगतो आणि इथे स्वतःही तेच करतो.

मग निवडणूक आली, आणि जे इतकी वर्षं एकमतावाचून अडलं होतं ते कुणाच्याही मताशिवाय मंजूर झालं.

साहेबांनी बैठक बोलावली. टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. पडीक जागा, फाटक, मधून रस्ता, आणि दोन्ही बाजूंना आखीव रांगांत छोटे-छोटे आयत. बिस्किटंही त्या दिवशी जरा बरी होती.

“भिंत नाही, भांडण नाही,” साहेब म्हणाले. “सगळे एकत्र. इंजिनिअरने फार सुंदर आखणी केली आहे.”

बाई नकाशावर वाकल्या. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवली होती. त्यांनी बोटाने एक रांग तिच्याशी ताडून पाहिली, मग दुसरी. मुसलमानाला कबरीत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून ठेवतात. कबर कशी खोदायची ते त्यावरूनच ठरतं. या रांगा काटकोनात चुकल्या होत्या. इथे ठेवलेला प्रत्येक माणूस कयामतपर्यंत भलत्याच दिशेला बघत पडणार होता.

“साहेब, दिशा कुणी ठरवली?”

साहेबांचा चेहरा अभिमानाने फुलला. “अहो, तुम्हीच! मी इंजिनिअरला सांगितलं, पुस्तकंबिस्तकं बघू नकोस, आमच्या नमाजाच्या खोलीत ये. वर्षानुवर्षं सगळे समाज त्या बाणाला मानतात, एकदाही तक्रार नाही. याहून मोठा पुरावा कोणता?”

शेठनी बिस्किट उचललं आणि ते दोन्ही बाजूंनी तपासू लागले. अध्यक्षांच्या बुटाची नाडी सुटली. प्राध्यापक छताकडे बघत होते.

“काही चुकलंय का?” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “असेल तर आत्ता सांगा. म्हणजे फाइल पुन्हा वर जाईल, मोजणी पुन्हा होईल. निवडणुकीनंतर कोण कुठे असेल, मी काय सांगू? पण तुमची इच्छा. कुणाची हरकत?”

बाईंनी तिघांकडे पाहिलं. तिघांनी बाईंकडे पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीशी पडलेले अब्बा आले. फाइल वर गेली की खाली यायला जो वेळ लागतो, तेवढा अब्बांपाशी नव्हता.

बाई गप्प बसल्या.

“लिहा,” साहेब म्हणाले. “सर्वानुमते.”

लिफ्टपाशी बाईंनी तिघांना गाठलं. “लाज वाटते का हो थोडी? आपल्याच माणसांना वाकडं पुरणार तुम्ही?”

“हळू बोला,” शेठ इकडेतिकडे बघत म्हणाले. “आधी जागा तर पदरात पडू दे.”

“आमची माणसं वाटेत गाडीत फुगतात, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “दिशेचं नंतर बघू.”

प्राध्यापकांनी घसा साफ केला. “व्यापक अर्थाने पाहिलं तर, डॉक्टरबाई, तुम्हीही बोलू शकला असता.”

लिफ्ट आली. तिघे आत गेले. बाई जिन्याने उतरल्या.

अब्बांपासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं. उशाशी बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं, बाण, मशीन, नकाशा, स्वतःचं गप्प बसणं. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाई घाबरल्या. पण अब्बा हसत होते.

“चहाच्या मशीनला नमाज!” त्यांना ठसका लागला. बाईंनी पाणी पाजलं. “अगं, मग एवढं तोंड पाडायला काय झालं? ठेवा मला जसं ठेवायचं तसं. लोक निघून गेले की कूस मी बदलून घेईन.”

हे ते हसत म्हणाले, पण बाईंना हसू आलं नाही. ज्या माणसाने हजारो लोकांना कधी भलत्या थांब्यावर उतरवलं नाही, त्याने मेल्यावर अंधारात, मातीखाली, एकट्याने कूस बदलायची? का, तर चार जणांना तोंड उघडायची भीती वाटली म्हणून. आणि त्या चारांत त्याची पोटची पोर.

अब्बा गेले ते कब्रस्तानच्या फाटकाला रंग लागला त्याच आठवड्यात. पहाटे गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता.

दुपारी दफन ठरलं. कब्रस्तानातला हा पहिलाच दफनविधी, म्हणून संवादसाहेब स्वतः येणार होते, छायाचित्रकारासह. अब्बांना घुसल, म्हणजे अखेरची आंघोळ, घालायला माणसं आली, तेव्हा बाई उठल्या, खुंटीवरचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि चालत जलशुद्धीकरण केंद्रामागे गेल्या. खरंच जवळ होतं. पायाला धूळ लागेपर्यंत पोचल्याही.

खोदाईचं मशीन उभं होतं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या, सरळ, सुबक आणि चुकीच्या. चालक डबा खात बसला होता.

“ही रेघ नको,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोनवर दिशा पाहिली, टाच जमिनीत रोवली आणि चालत-चालत मातीत नवी रेघ ओढली. ती चुन्याच्या तीन आयतांना छेदून आडवी गेली. “अशी खोदा.”

“साहेबांनी नकाशा दिलाय, ताई. मी कुणाच्या सांगण्यावरून खोदू?”

बाईंनी ओळखपत्र पुढे केलं. चालकाने हात पुसले, वरचं सरकारी चिन्ह बघितलं, शिक्का बघितला आणि डबा बंद केला. इतक्या वर्षांत त्या ओळखपत्राने केलेलं हे पहिलं काम.

दुपारी जनाजा आला. शेठ, अध्यक्ष, प्राध्यापक, मागे आपापली माणसं, आपापल्या घोळक्यात. दफनाच्या वेळी बाईमाणूस कबरीशी उभं बघून शेठनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि पुन्हा मिटलं. मग सगळ्यांना खड्डा दिसला. साहेबांनाही दिसला.

“डॉक्टर मॅडम, तुमच्या दुःखात सहभागी आहे,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले, “पण हे आराखड्यात नाही. सगळ्या रांगा बिघडल्या. हे असं ठरलं नव्हतं.”

“बैठकीत ठरलंय, साहेब.”

“कुठल्या बैठकीत?”

“या बैठकीत. आत्ता. चारही प्रतिनिधी हजर आहेत.” बाई वळल्या. आवाज त्यांनी मुळीच चढवला नाही. पेशंटला सांगतात तसं एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. “खोलीतला बाण चुकलेला आहे. टाइल फिरली तेव्हापासून चुकलेला आहे. कबरीची ही दिशा बरोबर आहे. इथे यापुढे सगळ्या कबरी अशाच होतील. कुणाची हरकत?”

शेठनी जमिनीकडे पाहिलं. अध्यक्षांच्या बुटाची नाडी पुन्हा सुटली. प्राध्यापकांना या वेळी छत नव्हतं, म्हणून ते आभाळाकडे पाहू लागले. भिंतीपलीकडे पाण्याचे पंप घरघरत होते, बाकी चिटपाखरू बोललं नाही. तेच ते नेहमीचं भेकड गप्प बसणं. फक्त आज ते साहेबांच्या उपयोगाचं नव्हतं.

“लिहा, साहेब,” बाई म्हणाल्या. “सर्वानुमते.”

साहेब काही मूर्ख नव्हते. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि छायाचित्रकाराला खुणेने दुसऱ्या बाजूला उभं राहायला सांगितलं, तिकडून उजेड चांगला होता. नमाजाला रांगा लागल्या तेव्हा कुणी कुणाला दिशा विचारली नाही. सगळे बरोबर वळून उभे राहिले. सगळ्यांना ती पहिल्यापासून पाठच होती.

माती लोटून झाल्यावर साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, “संवादातून मार्ग निघाला.” शेठ बाईंजवळ येऊन पुटपुटले, “मी बोलणारच होतो, तेवढ्यात तुम्हीच बोललात.” मग अध्यक्ष येऊन तेच म्हणाले. प्राध्यापकांना येताना पाहून बाईंनी हात वर केला. “राहू द्या. मंगळवारी या, पूल तपासून घेऊ.”

गाड्या गेल्या. मशीनही गेलं. चुन्याच्या सरळ रेघा एका बाजूला आणि मातीचा तो एकच उंचवटा त्यांच्यावर आडवा. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं, खाली बसल्या आणि उंचवट्यावर हात ठेवला. माती अजून ओली होती.

“लोक गेले, अब्बा,” त्या म्हणाल्या. “आता कूस बदलू नका हं. नीट झोपलायत तुम्ही.”